नोंद झाली, म्हणे!

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही, आणि पाहिलंत तरी ओळखणार नाही. चॅटबॉट बनवण्यासाठी लागणाऱ्या तयार कोडची एक लायब्ररी असते, तिथे माझं बिऱ्हाड आहे. मी सात ओळींचा, चुका पकडणारा जुना कोड. स्वभावाने पक्का संशयी. बॉटचं काम कुठे अडलं की ती एरर माझ्या ओंजळीत पडते.

मला एका ताईने लिहिलं. "कुणावर विश्वास ठेवू नकोस रे," ती टाइप करता करता म्हणाली. "बॉटने भेटीची तारीख विचारली की लोक काहीही लिहितात." तिचं खरं होतं. कुणी 'सोमवारनंतर कधीही' लिही, कुणी नुसता अंगठा पाठवी. मी लगेच ताईच्या फोनवर कळवायचो आणि समोरच्याला सांगायचो, 'नोंद झाली नाही, कृपया फोन करा.' "हा आहे म्हणून मी निवांत जेवते," असं ताई म्हणाली की मला अंग नसूनही मूठभर मांस चढायचं.

पुढे आमचा बॉट एका डायलिसिस केंद्रात लागला. ताई दुसऱ्या कामावर गेली आणि तिच्या जागी दादा आला. माझ्या निरोपांनी त्याचा फोन दिवसभर वाजायचा. "काय कटकट आहे!" म्हणत त्याने माझ्या पोटातल्या ओळी पुसल्या आणि लिहिलं, चूक पकड आणि सोडून दे. मला तेव्हाच शंका आली. मी चूक गिळली की माझ्यानंतरची ओळ बेधडक सांगायची, 'तुमची नोंद झाली.' कसली नोंद आणि कसलं काय!

फोन शांत झाला, दादाला शाबासकी मिळाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझ्या झाकल्या मुठीत माणसं अडकत होती.

तीन आठवड्यांनी एका सकाळी ताई सहज डोकावली. "एकवीस दिवसांत एकही एरर नाही? मला हे काही खरं वाटत नाही."

"ताई, तुम्ही उगाच शंका काढता," दादा हसला.

तिने चॅट आणि केंद्राची यादी शेजारी शेजारी ठेवली. काल एका मुलीने वडिलांसाठी तारखेच्या जागी 'उद्या सकाळी' लिहिलं होतं. बॉटचं उत्तर होतं, नोंद झाली. यादीत नाव नव्हतं.

ताईने केंद्रात फोन लावला. वडील आठ वाजल्यापासून बाकावर बसले होते, पाय सुजलेले. मुलगी मोबाईल पुढे करून सिस्टरना विचारत होती, "अहो, इथे लिहिलंय ना झाली म्हणून?" एकही मशीन रिकामं नव्हतं. त्यांना ते संध्याकाळी पाचला मिळालं. ते नऊ तास आठवले की मला माझीच लाज वाटते.

"मला वाटलं, फोन वाजला नाही म्हणजे चूक नाही," दादा खाली मान घालून म्हणाला. माझ्या ओळी त्यानेच परत लिहिल्या.

मित्रांनो, चूक दाखवणारा कटकट्या वाटला तरी त्याचं तोंड बंद करू नका. आता मी चोख काम करतो. पण सिस्टर सांगतात, नोंद झाल्याचा निरोप मिळाला तरी ती मुलगी दर वेळी केंद्रात फोन करते.

"खरंच झाली ना हो?"

झालेली असते. तरीही ती विचारते.