दोनशेवा होमरन

सान आन्सेल्मोच्या साखर कारखान्याच्या गावात शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल: बेसबॉलमध्ये चेंडू कुंपणापार टोलवत लेओविहिल्दोने एकशे नव्याण्णव होमरन मारले आणि दोनशेवा नेरेओने गिळला. दुसऱ्या बेसकडे धावायचं सोडून तो म्हणे मागे पळाला. नेरेओ म्हणजे इदालिनाचा बाप. शाळेत तिला सगळे 'गिळणाऱ्याची पोर' म्हणायचे. आता ती त्याच शाळेत बाई होती, तरी मासळीवाली वजन करताना हटकून विचारायची, "काय गं, पोचले का बाबा दुसऱ्या बेसवर?"

आणि अशा बाईला गावाने लेओवर पुस्तिका लिहायला सांगितलं! मैदानाशेजारच्या नव्या खोलीत लेओची बॅट मांडायची होती, त्या दिवशी तिने ती सगळ्यांसमोर वाचायची होती. इदालिनाने कंबर कसली. राजधानीतल्या ग्रंथालयात चार शनिवार जुनी वर्तमानपत्रं चाळली, धुळीने शिंकून शिंकून बेजार झाली आणि चौथ्या शनिवारी तिला हवं ते सापडलं.

बसमधून उतरली ती थेट लेओच्या ओसरीवर. लेओ आणि नेरेओ, दोघे म्हातारे रोजच्यासारखे डॉमिनो खेळत बसले होते. तिने बातमीची नक्कल सोंगट्यांवर आपटली.

"लेओकाका, वाचा. मोठ्याने."

लेओने चष्मा शोधायचं नाटक केलं. शेवटी तिनेच वाचलं. लेओने फटका मारला तेव्हा नेरेओ पहिल्या बेसवरून पुढे धावला होता. चेंडू कुंपणावर होता आणि क्षेत्ररक्षक उडी मारून तो झेलणार असं दिसत होतं. झेल घेतला गेला तर धावणाऱ्याला पहिल्या बेसवर परतावंच लागतं, म्हणून नेरेओ मागे वळला. लेओ मात्र मान खाली घालून सुसाट सुटला आणि त्याला ओलांडून गेला. पुढच्या गड्याला ओलांडलं की मारणारा बाद. चेंडू कुंपणापार पडला खरा, पण होमरन गेला तो गेलाच.

"म्हणजे चूक तुमची! बाबांचं बरोबर होतं! आणि चाळीस वर्षं तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात?"

लेओचा चेहरा उतरला. "दुसऱ्याच दिवशी रेडिओवर सांगायला निघालो होतो, पोरी. या गाढवाने अडवलं."

"अडवलंच," नेरेओ सोंगटी लावत म्हणाला. "अगं, मोठ्या संघात मी अकरा सामने खेळलो. अकरा! माझा एक तरी फटका कुणाला आठवतो का? पण त्या चेंडूमुळे कुठल्याही न्हाव्याकडे गेलो तरी मला खुर्ची मिळते, कॉफी मिळते. नियमाने वागलेला माणूस कोण लक्षात ठेवतो? नको लिहूस."

"आणि मला चिडवत होते ते?" इदालिनाचे डोळे भरून आले.

नेरेओची पुढची सोंगटी हातातच राहिली. इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तुलासुद्धा?" त्याने विचारलं. मग सोंगटी खाली ठेवून म्हणाला, "लिही मग. सगळं लिही."

समारंभाच्या दिवशी तिने सगळं वाचून दाखवलं. मग मागून मासळीवाली ओरडली, "अगं बाई! मग आता नेरेओला आम्ही म्हणायचं तरी काय?"

सगळे हसले. नेरेओ मात्र खुर्चीत अंग चोरून बसला होता, जणू त्या खोलीत त्याचं काही कामच उरलं नव्हतं. ते पाहून इदालिनाने हातातली पुस्तिका मिटली. आपण हे काय करून बसलो!

तेवढ्यात लेओ गुडघे सावरत उठला आणि त्याने माईक ओढून घेतला.

"बावीस वर्षं खेळलो. कुणाकुणाच्या पुढे गेलो, आता आठवतही नाही. पण अख्ख्या देशात ज्याच्या पुढे जायची मला मुभा नव्हती, असा माणूस एकच. तो बघा, तिथे बसलाय."

खोली टाळ्यांनी दणाणली. नेरेओ ताठ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मासळी घ्यायला गेला. रांगेत शेवटी उभा राहिला, तर पुढचे सगळे बाजूला झाले.

"त्यांना ओलांडू नका रे," मासळीवाली हात नाचवत ओरडली, "बाद व्हाल!"

नेरेओ ऐटीत पुढे गेला. इदालिना रिकामी पिशवी घेऊन, गालातल्या गालात हसत, बापाच्या मागे उभी राहिली.