वाढलेलं पाणी

माळावरच्या धनगरवस्तीत 'संपलं', 'आटलं', 'विझलं' असले शब्द कुणी तोंडातून काढत नाही. कुंकू संपलं की ते 'वाढतं', मीठ वाढतं, दिवासुद्धा वाढवतात. कुशाबाईला तर त्या शब्दांचं भारीच वावडं. खाली सणसरला कालवा आला, तरी त्याचं पाणी काही माळ चढलं नव्हतं. वस्ती अजून बिरोबाच्या झऱ्यावरच जगत होती.

त्याच माळावर खडीची खाण येणार होती. सत्त्याण्णव सालच्या शिमग्यात कंपनीनं चाचणीचे सुरुंग उडवले आणि पाचव्या दिवशी झरा कोरडा पडला. मग चौकशीला एक साहेब आला. आता देवाच्या पाण्याला वाईट बोलायचं कसं? कुशाबाई हात जोडून म्हणाली, "सुरुंगापासनं पाणी वाढलं, सायब." बायांनी माना डोलावल्या. साहेबानं लिहून घेतलं आणि जीप निघून गेली.

महिन्याभरानं साखर कारखान्यात कामाला असलेला तिचा मुलगा दादासो दिवस बुडताना तणतणत घरी आला. ग्रामपंचायतीत लावलेला कागद तो वाचून आला होता.

"आये, सुरुंगानं पाणी जास्त झालं, लोकांची हरकत न्हाय, आसं लिवलंय! तू काय सांगितलंस त्येला?"

"वाढलं म्हनलं. दुसरं काय म्हनू?"

दादासोनं कपाळावर हात मारला. कुशाबाईला आपल्या शब्दाचा घोळ उमगला. एवढा शिकलासवरला सायब, आणि साधं बोलणं कळू नये! तिला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मायलेक इंदापूरच्या कचेरीत गेले. कारकुनानं विचारलं, "वाढलं म्हणजे नक्की काय?"

तिची जीभ वळेना. मनातल्या मनात बिरोबाची माफी मागून ती म्हणाली, "आटलं. पार आटलं, बाबा. प्यायला थेंब न्हाय." आणि तिला रडू कोसळलं.

"अहो आजी, हरकतीची मुदत कालच संपली," कारकून म्हणाला. किती सहज म्हणाला मेला!

वस्तीवर बाया रिकाम्या घागरी घेऊन वाट बघत होत्या. शेजारची सारजा पुढं आली. "काय झालं, आत्ती?"

"मुदत वाढली," कुशाबाई सवयीनं बोलून गेली.

सारजाचा चेहरा उजळला. "वाढली? लई बरं झालं, बया! किती दिवसांनी?"

कुशाबाईनं तिचा हात घट्ट धरला.

"संपली गं, सारजे. संपली."