लाल पट्ट्यातलं पिल्लू

बेडशाच्या अंगणवाडीत पंधरा वर्षं सेविका असलेल्या यशोधराला एक खोड जडली होती. जे दिसेल ते बाळांच्या वजनकाट्याला टांगायचं. परसातला भोपळासुद्धा तिच्या तावडीतून सुटला नव्हता. त्यामुळे सासऱ्यांनी, म्हणजे श्रीपतीआबांनी, दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं तेव्हा तिनं आधी ते जुन्या झोळीत घालून तोललं आणि मग विचारलं, "आबा, हे कुणाचं?"

पिल्लू खंडाळ्याच्या मॅडमचं होतं. त्यांच्या बंगल्यावर आबांनी वीस वर्षं माळीकाम केलं होतं. मॅडम लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने परदेशी निघाल्या होत्या. "लॅब्रॅडॉर आहे, आबा. सहा महिन्यांचा झाला की वीस किलोंच्या पुढे जातो. चांगला वाढवा, आल्यावर मी घेऊन जाईन," असं त्यांनी बजावलं होतं.

खरं सांगायचं तर गरज आबांनाच जास्त होती. बायको, भागुबाई, गेल्यापासून वर्षभर ते घरात धड चार शब्द बोलले नव्हते. आता मात्र सकाळ उजाडली की अंगणात गप्पा सुरू. "खा की रं लेका! तितं काय बगतुयास?" स्वयंपाकघरात यशोधराला बरं वाटायचं आणि पाठोपाठ धास्तीही वाटायची. चार महिन्यांनी मॅडम पिल्लू घेऊन गेल्या, तर या माणसाचं काय होणार?

तिनं मोबाईलवर लॅब्रॅडॉरच्या वजनाचा तक्ता शोधला आणि अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनासाठी असतात तसे, सवयीनं वहीत हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे आखले. पहिल्या महिन्यात पिल्लाचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडला. पिल्लू चार महिन्यांचं झालं त्या दिवशी काटा साडेआठ किलोंवर थांबला. तक्ता चौदा मागत होता. ठिपका थेट लालमध्ये गेला.

लाल पट्टा दिसला की सेविकेच्या तोंडी एकच प्रश्न येतो, घरात खायला काय घालता? हा प्रश्न विचारून यशोधरानं आजवर किती आयांना रडवलं होतं, याची मोजदाद नव्हती. या वेळी तिचं डोकं आणखी पुढे धावलं. पिल्लू खुरटलं तर मॅडम नेणार नाहीत. हे आबांना कळत नसेल?

"आबा, खरं सांगा. ते हितंच राहावं म्हणून तुमी त्याला मुद्दाम कमी घालता ना?"

आबा दुधात भाकरी कुस्करत होते. "मुक्या जनावराला मी उपाशी ठिवीन व्हय?" एवढंच म्हणून ते उठून गेले. त्या दिवसापासून अंगणातलं बोलणंही बंद पडलं. चोराच्या मनात चांदणं, असं यशोधराला वाटलं.

आठवड्यानं ती पिल्लू घेऊन रिक्षानं लोणावळ्याला गेली. जनावरांच्या डॉक्टर प्रेरणाताईंनी पिल्लाच्या बरगड्या चाचपल्या, पंजे उचलून पाहिले, वहीतले पट्टे पाहिले आणि हसायलाच लागल्या.

"ताई, आजारी तुमचा तक्ता आहे. याची आई लॅब्रॅडॉर असेल, पण बाप इथलाच गावठी. त्याला लॅब्रॅडॉरचं माप कसं लावता? अशा मध्यम चणीच्या पिल्लाचं चौथ्या महिन्यातलं वजन दुप्पट करायचं, मोठेपणी साधारण तेवढंच भरतं. हा सतरा किलोंचा होईल. तब्येत मात्र अगदी फर्मास! सांभाळतं कोण याला?"

"सासरे," यशोधरा म्हणाली आणि तिनं वही मिटली.

घरी येऊन तिनं आबांची माफी मागितली. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद वाचून दाखवला. आबांनी तो ऐकला आणि विचारलं, "सकाळधरनं त्यानं काय खाल्लंय का?"

दोन महिन्यांनी मॅडमची गाडी दारात उभी राहिली. "काय हो आबा, एवढासाच?" त्या म्हणाल्या. यशोधरा कागद आणायला वळणार, तोच आबा बोलले, "कुत्रं खुरटलेलं न्हाई, बाई. अंगानं निरोगी हाय, लय हुशार हाय. तुमचं हाय, घिऊन जावा."

यशोधरानं तरीही डॉक्टरांचा कागद आणून मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी कागद वाचला. "सतरा किलो! म्हणजे विकणाऱ्यानं मला चांगलंच बनवलं की!" असं म्हणत त्यांनी कुत्र्याला जवळ बोलावलं. त्यानं रीतसर त्यांचा हात हुंगला, माघारी फिरलं आणि आबांच्या पायावर बूड टेकून बसलं.

"राहू दे, आबा," त्या म्हणाल्या. "हा आता माझ्याकडे रमायचा नाही. अधूनमधून भेटायला तेवढा आणा."

गाडी वळणाआड गेली तरी आबा उभेच होते. यशोधरा त्यांच्याजवळ आली. जे दोन महिने विचारायचं राहिलं होतं, ते तिनं विचारलं.

"आबा, मी एवढा आळ घेतला, तवा तुमी भांडला का न्हाई? पोटभर घालतोय म्हणून ठणकावून सांगायचं की."

"कसा भांडू?" आबा खाली बसले आणि त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. "दूध घालायचो, अंडं घालायचो. पन दर घासाला मनात म्हनायचो, लेकरा, लय वाढू नगंस. मला वाटलं, माजं म्हननंच बाधलं त्याला."