बीट न खाणारे मास्तर

मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि त्यातलं आनुवंशिकतेचं प्रकरण म्हणजे त्यांच्या हातचा मळ. फळ्यावर दोन एक्स, शेजारी एक एक्स आणि एक वाय काढायचे, बाण मारायचे आणि बजावायचे, की बापाचा एक्स लेकीला जातो, आईचा लेकाला, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. खुद्द मास्तरांना ते जागेपणीही सांगता आलं नाही, ही गोष्ट त्याची आहे.

लेक तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन आठ दिवस राहायला आली, तेव्हा मास्तरांनी माळ्यावरची ट्रंक उतरवली. लेकीची लहानपणची झबली, टोपडी, गोधडी, सगळं डांबराच्या गोळ्यांत तीस वर्षं जपलेलं. बायको म्हणाली, आधी धुऊन घेऊ. धुतलं तर विरेल, असा मास्तरांनी निकाल दिला आणि नातवाला तसंच नटवलं. त्याच आठवड्यात विहीणबाई येऊन गेल्या. दोन मशिनांचं शिवणाचं दुकान चालवणारी बाई. रात्रंदिवस बसून विणलेला लाल स्वेटर घेऊन आल्या होत्या.

चौथ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे झाले आणि लंगोट चहाच्या रंगानं भिजू लागला.

इस्पितळाच्या बाकड्यावर सगळे बसलेले असताना, कुणी विचारलेलं नसताना, मास्तरांनी निदान केलं. आमच्याकडे सात पिढ्यांत रक्ताचा आजार नाही. हा त्या लोकरीचा रंग. शिकलेल्या माणसानं चार ठिकाणी चौकशी करून लोकर घेतली असती. विहीणबाई उठल्या. स्वेटर पिशवीत घातला आणि जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्याही नाहीत. आईनं दुकान बंद ठेवलंय, असं जावई भिंतीकडे बघत म्हणाला.

मग रिपोर्ट आला. डॉक्टरीण तरुण होती आणि कागदावर चित्रं काढून समजावण्याची तिला हौस होती. बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एक एन्झाइम कमी आहे. ते तांबड्या पेशींना सांभाळतं. ते नसलं की काही औषधांनी, डांबराच्या गोळ्यांच्या नुसत्या वासानंसुद्धा पेशी फुटतात. आता धोका टळलाय. त्याचं जनुक एक्सवर असतं, म्हणून मुलाला ते आईकडूनच येतं. आणि आईला अनेकदा... तिनं बाण वर नेला आणि एका चौकोनापाशी थांबली. "आजोबांना कधी असा त्रास झाला होता का?"

पुरुषाचा तो चौकोन मास्तरांच्या ओळखीचा होता. तो त्यांनी हजार वेळा काढला होता, फक्त त्यात कधी बसले नव्हते.

मास्तरांच्या बायकोनं सावकाश मान वळवली. "अहो, म्हणजे ते बीट नव्हतं?"

लग्नाला महिना झाला असताना मास्तरांना हिवताप आला होता. गोळ्या घेतल्या आणि लघवी काळी झाली. तेव्हाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की रक्तात एक वस्तू कमी आहे, या गोळ्या पुन्हा घेऊ नका, मुलं झाली तर लक्षात ठेवा. नव्या बायकोला हे कोण सांगणार? बीट खाल्लं होतं म्हणाले. त्या माउलीनं त्यानंतर घरात बीट आणलं नाही. आणि मास्तर दर वर्षी आनुवंशिकतेच्या प्रकरणात एक्सवरच्या दोषाचं उदाहरण द्यायचे ते रंगांधळेपणाचं.

"बत्तीस वर्षं कोशिंबिरीला गाजर," एवढंच बायको म्हणाली. लेकीनं पिशवीतून बाळाचं टोपडं काढलं, नाकाशी नेलं आणि बाकड्यावर ठेवून दिलं.

मास्तर इस्पितळातून तडक दुकानावर गेले. वाटेत त्यांनी एक भाषण जुळवलं होतं, त्यात 'विज्ञानाच्या मर्यादा' असे शब्द होते. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले तर विहीणबाई स्वेटर उसवत बसलेल्या; मांडीवर लाल लोकरीचा गुंडा. समोर बादलीत उरलेली लोकर भिजत होती. पाणी अगदी स्वच्छ.

"दोन दिवस भिजतेय. रंग जात नाहीये," त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणता म्हणजे असेल काहीतरी. बाळ कसंय?"

भाषण बाजूला पडलं.

"बरं आहे. लोकरीचं काही नाही. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या माझ्या होत्या आणि रक्तही माझंच," मास्तर म्हणाले. "मला माहीत होतं."

कापडाच्या टेबलावरचा खडू उचलून त्यांनी चौकोन काढला, बाण मारले. रेघा वाकड्या, अक्षरं तिरकी. वर्गात असं अक्षर त्यांनी कुणाचं खपवून घेतलं नसतं. विहीणबाई शेवटपर्यंत बघत राहिल्या. मग गुंडा बाजूला ठेवून उठल्या आणि शटर पूर्ण वर केलं.

"मुलाला बोलावते. दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही तो," त्या म्हणाल्या. "त्याच्यासमोर पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मास्तरांनी बाहीनं टेबल पुसलं आणि खडू हातात धरून उभे राहिले.