पहिला चेंडू ताईचा

नवीन टीव्ही घेतला की माणसाला वाटतं, आपण पुढे गेलो. मला मागे जायचं होतं, आणि हा टीव्ही काही जाऊ देईना.

भिंतीवरचा तो पातळ, काळा, मिजासखोर टीव्ही! त्याच्या पाठीला मला दिसली ती सगळी भोकं चपटी, आणि माझ्या हातातल्या जुन्या गेमची वायर जाडजूड आणि गोल. भंगारवाल्याच्या ढिगात तो गेम दिसला तेव्हा मी भाव न करताच तो उचलला होता. काळा डबा, वर लाकडासारखी दिसणारी पट्टी, आणि पडद्यावरची फळी सरकवायची फिरकी. अगदी धाकट्याचा होता तस्सा.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. अंगाने बाप्या झाला, पण मनाने लहान पोरच राहिला. त्याला कधी कमावता येणार नाही म्हणून वडिलांनी हे तीन मजली घर त्याच्या नावावर केलं, आणि अट घातली की धाकटा ज्याच्याजवळ राहील त्याने घराचा कारभार बघायचा. तो काकांजवळ राहिला. काका वरच्या मजल्यावर, मधे भाडेकरू, आणि तळमजल्यावर मी, माझा नवरा आणि माझं शिलाई मशीन. धाकटा रोज दुपारी खाली यायचा आणि म्हणायचा, "ताई, मी इथेच राहू?" मी म्हणायचे, "राहा की." काकांच्या कानावर हे गेलं असणारच. तो खाली राहायला आला असता तर घराचा कारभार आणि भाडंही माझ्याकडे आलं असतं.

मग नवऱ्याच्या शेवटच्या आजारात मी हॉस्पिटलात अडकले. सगळं आटपून रिकाम्या हाताने घरी आले, तर काका म्हणाले, धाकट्याला लांबच्या एका संस्थेत ठेवलंय. संस्था चांगली आहे, मोठी बाग आहे, पण भेटायला जायचं नाही. घरचं माणूस दिसलं की तो बिथरतो, असं तिथले डॉक्टर म्हणतात. मी भांडले, रडले, पत्ता मागितला. काका चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "पोरी, तुझ्या रडण्यापायी त्याचं नुकसान करू का?" ज्यांनी आम्हाला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांच्यावर संशय घ्यायला मन धजेना. दोन वर्षं मी तोंड मिटून बसले.

अधूनमधून काका त्याच्या पँटी आणून द्यायचे. "कंबर सैल कर. तिथलं मानवलंय त्याला." मी शिवण उसवायला बसायचे आणि मला कोडं पडायचं. पँटी गुडघ्यावर नव्याकोऱ्या, बुडाला मात्र पार झिजलेल्या. एवढी मोठी बाग, आणि हा दिवसभर बसूनच असतो की काय? मधल्या मजल्यावरची भाडेकरीण एकदा जिन्यात म्हणाली होती, "तुमचे काका या वयात केवढ्या येरझारा घालतात हो! आमच्या डोक्यावर नुसतं धाप धाप." तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो.

गेल्या थंडीत मी धाकट्याचा गेम काकांच्या हाती दिला. संस्थेत पोचवा म्हटलं, त्याला करमेल. त्या गेमात दुसरं काही नाही, वर विटांची रांग आणि खाली एक फळी. चेंडू उडवायचा, विटा फोडायच्या. लहानपणी माझी पाळी कधी यायचीच नाही, म्हणून मी एकदा भोकाड पसरलं. तेव्हापासून धाकट्याने स्वतःच एक नियम केला. डाव सुरू झाला की फळी उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची आणि पहिला चेंडू डावीकडे खुशाल पडू द्यायचा. "ताई, हा तुझा." मी घरात नसले तरी तो चेंडू सोडायचाच. आई वैतागायची. त्याला किती समजावलं की बाबा, असं केल्याने एक चेंडू फुकट जातो. तो ऐकून घ्यायचा आणि परत सोडायचा.

तर त्याच्यासारखाच गेम मिळाला, म्हणून मी मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळे बडबड्या म्हणतात आणि ते नाव त्याने कष्टाने कमावलेलं आहे. माझ्याच वयाचा, डोक्याला टक्कल, आणि मला म्हणतो मावशी!

"मावशी, तुम्ही म्हणजे बैलगाडीला विमानाची चाकं लावायला निघालात," तो टीव्हीमागे डोकं खुपसून म्हणाला. "या गेमला पिवळी, लाल, पांढरी पिन असती तर एक डबी मधे घालून काम झालं असतं. याला तर नुसती अँटेनाची वायर आहे."

"म्हणजे जमणार नाही?"

"मला न जमून कसं चालेल? या डब्याच्या पोटात एक इवलंसं प्रक्षेपण केंद्र असतं बघा. टीव्हीला वाटतं, कुठलं तरी चॅनल आलं. नव्या टीव्हीलाही अँटेनाचं भोक असतंच, फक्त चॅनल शोधायला लावायचं. तुमची भिंतीतली अँटेना पण ठेवायचीय ना, बातम्यांसाठी? मग दोन्ही एकाच भोकात घालतो."

त्याने दोन वायरींना एकत्र करणारा एक जोड लावला. एक फाटा भिंतीत, एक गेमला. रिमोटने शोध सुरू केला आणि पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. बराच वेळ पडदाभर मुंग्याच मुंग्या. खरखर नको म्हणून मी आवाज पार बंद केला.

आणि एकदम चित्र आलं. विटांची रांग, खाली फळी, चेंडू इकडून तिकडे. रंग जरा फिके, कडेला सावली, पण तोच गेम! मी टाळ्या पिटल्या.

"आला की हो!"

बडबड्या मात्र गप्प. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने हात वर केला. हातात माझ्या गेमची विजेची पिन होती. ती अजून बोर्डात घातलेलीच नव्हती.

"हा आपला नाही, मावशी," तो म्हणाला. "आपला अजून बंद आहे."

पडद्यावर फळी हळूच डावीकडे सरकली आणि चेंडू उडवून परत आली. कुणीतरी खेळत होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

बडबड्याला लगेच कंठ फुटला. "भुताटकी नाही हो! या घरात सगळ्यांच्या वायरी गच्चीवरच्या एकाच अँटेनाला जोडलेल्या. वर कुणीतरी असाच गेम लावलाय आणि त्याचं चित्र वायरीतून उलटं खाली उतरतंय. हे दोन सिग्नल एकमेकांच्या पायात येणार. थांबा, त्यांना बंद करायला सांगून येतो."

"मधले लोक कामावर गेलेत. वर फक्त काका असतात."

"मग काकांना सांगतो," असं म्हणत तो खांद्याला पिशवी अडकवून निघालासुद्धा.

आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हातारा स्वतःच खेळत बसलाय! माझ्या भावाचा गेम त्याला पोचवलाच नाही! मी तणतणत पडद्याकडे बघत राहिले. तेवढ्यात तो डाव संपला. विटा पुन्हा भरल्या आणि नवा डाव सुरू झाला.

फळी सरकत सरकत उजव्या कोपऱ्यात गेली आणि तिथे थांबली. चेंडू डावीकडे आला आणि खाली पडला. फळी जागची हलली नाही.

मग दुसरा चेंडू आला, आणि फळी पोराने दुडुदुडु धावावं तशी धावली.

कोरे गुडघे, झिजलेलं बूड, डोक्यावरचं धाप धाप, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. बाग नव्हती. संस्था नव्हती. माझा भाऊ दोन वर्षं माझ्याच डोक्यावर एका खोलीत बसून होता, आणि मी खाली त्याच्या पँटींच्या कंबरा सैल करत होते.

आणि बडबड्या वर गेला होता!

मी धावले. मधल्या मजल्यावर पोचते तोच वरून त्याचा आवाज आला. "अहो, आत चालू आहे की! टुक टुक ऐकू येतंय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" काकांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"खालच्या मावशींच्या टीव्हीवर दिसतोय ना तुमचा सगळा खेळ!"

मग काका म्हणाले, "असं? एक मिनिट हं." आतला टुक टुक आवाज थांबला. "चला, बघू तरी काय दिसतंय ते." मग कडी लागली आणि कुलूप खट्कन वाजलं. आपल्याच घरात एकटा राहणारा माणूस दोन मजले खाली उतरताना कुलूप लावतो!

मी उलट्या पावली घरात आले आणि मशीनवर बसले. हाताला लागलं ते कापड सुईखाली सरकवलं.

काका काठी टेकत आत आले, पडद्यावरच्या मुंग्या बघितल्या आणि टीव्हीकडे पाठ करून खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसू लागले. बडबड्या उंबऱ्यात उभा होता.

"पोरी, काय दिसलं तुला?"

"काही नाही काका. नुसत्या मुंग्या."

"हे तर म्हणाले, खेळ दिसला."

"कुठलं तरी चॅनल लागलं असेल. मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

त्यांनी खालचा काळा डबा काठीने जरासा हलवला. "तोच खेळ. मुद्दाम शोधून आणलास?"

"भंगारात मिळाला."

"आठवण येते ना त्याची." काका हसले. "मी विचार करतोय, त्याला आणखी लांबच्या संस्थेत हलवावं. तुझा जीव फार अडकलाय त्याच्यात. उद्याच हलवतो."

त्यांच्या खांद्यामागे मुंग्या विरल्या आणि चित्र आलं. काका खाली उतरल्याचं ऐकून धाकट्याने गेम परत लावला होता. लहान पोर तसंच करतं, मोठ्यांची पाठ वळली की खेळ सुरू! फळी उजव्या कोपऱ्यात गेली. चेंडू डावीकडे पडला.

मी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. काका माझ्या डोळ्यांत बघत होते आणि मी त्यांच्या. देवा, या बडबड्याची वाचा बसू दे, एवढंच मनात म्हणत होते.

"अरे वा! आला की परत!" बडबड्या ओरडला.

काकांनी सावकाश मान वळवली. ते पडद्याकडे बघत असतानाच मी उठले, बडबड्याला पिशवीसकट दाराबाहेर ढकललं, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

"मावशी! काका आत राहिले!"

"राहू देत. वर माझा भाऊ कोंडलाय. चला."

त्याने पिशवी सावरली आणि माझ्यामागे निघाला. आम्ही जिना चढत होतो आणि खाली दारावर काठीचे दणके बसत होते. वरच्या कुलपाला त्याने हातही लावला नाही. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कडीच्या कोयंड्याचे स्क्रू काढायला लागला. ते गंजलेले होते, हलता हलत नव्हते.

मी दाराला तोंड लावलं. आत टुक टुक चाललं होतं.

"धाकट्या! अरे, मी आलेय. ताई."

टुक टुक थांबलं. मग दाराच्या अगदी जवळून त्याचा आवाज आला, पूर्वीसारखाच जाड आणि भाबडा.

"ताई मेली."

"काय?"

"दवाखान्यात. भावजी मेले तेव्हाच. काकांनी सांगितलंय. खाली दुसरी बाई राहते, तिला आवाज ऐकू गेला की ती मला घेऊन जाईल."

म्हणून तो कधी ओरडला नव्हता. म्हणून मी जिन्यात हसत उभी असताना तो वर चिडीचूप बसत असेल, मला घाबरून.

एक स्क्रू निघून पायरीवर पडला. बडबड्या दुसऱ्याला लागला. खालचे दणके एकाएकी थांबले, आणि मला आठवलं, माझ्या स्वयंपाकघराला मागचं दार आहे.

"धाकट्या, ऐक," मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं, आवरायचंही नव्हतं. "ताई मेली ना? मग पहिला चेंडू कुणासाठी सोडतोस रे?"

आत तो विचार करत होता. विचार करताना तो नाकाने जोरजोरात श्वास घेतो, तो मला ऐकू येत होता. खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर काठी वाजली.

"ताईसाठी," तो म्हणाला, आणि आतून दार ढकलू लागला.