विझू द्यायची आग

पहिल्या खेपेला माझे सासरे अठरा सेकंदांत नापास झाले. परीक्षक मी होते.

आमच्या वीज केंद्रात कोळशाचे बॉयलर जाऊन गॅसचा बॉयलर आला आहे, आणि जुन्या ऑपरेटरांना नवं काम शिकवून त्यांची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आहे. सुनेने सासऱ्याची परीक्षा घ्यायची ही कुठली रीत, असं मी साहेबांना विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, "दुसऱ्या कोणाला येतं का ते? मग?" दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. शिवाय माझी ख्याती अशी, की ही बाई नाकावर माशी बसू देत नाही आणि हिच्याकडे वशिला चालत नाही. ही ख्याती बरीचशी मीच पसरवलेली आहे, पण ते असो.

सासऱ्यांना सगळं केंद्र 'दादा' म्हणतं, घरी आम्ही 'बाबा' म्हणतो. एकतीस वर्षं ते कोळशाच्या बॉयलरवर होते. बॉयलरच्या भिंतीला तळहाताएवढी भोकं असतात. डोळ्यांपुढे निळी काच धरायची आणि तिथून आतली आग बघायची. बाबा एकदा बघून सांगायचे, आज कोळसा ओला आलाय, आज त्यात माती जास्त आहे. प्रयोगशाळेचा अहवाल दुपारी यायचा आणि बाबांनी सकाळी सांगितलेलंच आकड्यांत सांगायचा. मी शिकाऊ म्हणून आले तेव्हा मला त्यांनीच शिकवलं. सहा महिन्यांनी म्हणाले, "माझा मुलगा इथेच फिटर आहे. तुझ्याइतका हुशार नाही, पण स्वभावाने चांगला आहे. बघतेस का?" मी बघितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

त्यांनी शिकवलेला पहिला धडा म्हणजे आग विझू द्यायची नाही. ज्योत मंदावली की लगेच तेलाचे बर्नर पेटवायचे आणि त्यांच्या आधाराने तिला उचलायचं. हात झटपट चालला पाहिजे, विचार नंतर करता येतो. एकदा का आग गेली की अख्ख्या शहराचे दिवे जातात आणि बॉयलर परत उभा करायला दिवस मोडतो. एकतीस वर्षांत बाबांच्या पाळीत आग एकदाही विझली नाही. त्यांची सगळी अब्रू त्या एका गोष्टीवर उभी होती.

कोळशाचा भाव पडायला लागला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बाबांनाच झाला होता. रोज सकाळी पेपरातला भाव मोठ्याने वाचून दाखवायचे. "आणखी उतरला! स्वस्त कोळसा, स्वस्त वीज. आता बघा आपलं केंद्र कसं धडधडतं ते." भाव उतरत गेला आणि आवारातले कोळशाचे ढीग मात्र वाढत गेले. सासूबाई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बाजार उठायच्या वेळी भाजी स्वस्त होते, ती काय जास्त चांगली झाली म्हणून? गिऱ्हाईक घरी गेलं म्हणून."

"तुला विजेतलं काय कळतं?" बाबा म्हणाले.

चार महिन्यांत फळ्यावर नोटीस लागली. आजूबाजूची केंद्रं एकेक करून कधीच गॅसवर गेली होती आणि कोळशाला खरंच गिऱ्हाईक उरलं नव्हतं. आमचेही सगळे कोळशाचे बॉयलर बंद होणार होते. सासूबाईंनी तो विषय परत काढला नाही. त्यांनी टोमणा मारला असता तर बाबांना बरं वाटलं असतं.

निवृत्तीला तीन वर्षं होती. नियम असा, की परीक्षेच्या दोन संधी. पास झालात तर गॅसच्या बॉयलरच्या कंट्रोल बोर्डावर, नाहीतर घरी. पैशाची ओढाताण होणार नव्हती, आम्ही दोघं कमावते आहोत. पण बाबांना रिकामं बसणं येत नाही. एकदा आजारपणात दहा दिवस घरी होते, तर त्यांनी घरातले सगळे नळ उघडून परत बसवले. त्यातले दोन अजून गळतात.

आता गॅसचं सगळं उलटं. ज्योत गेली तर तिला जाऊ द्यायचं. गॅस बंद करायचा आणि पाच मिनिटं भट्टीतून नुसती हवा सोडायची. का, तर न जळलेला गॅस आत साचलेला असतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही. हवेने तो निघून जायच्या आत ठिणगी टाकली, तर बॉयलर फुटतो. खऱ्या बॉयलरला याचं कुलूप आहे, पाच मिनिटं झाल्याशिवाय ते पेटूच देत नाही. पण दुरुस्तीच्या वेळी ते काढून ठेवावं लागतं, म्हणून परीक्षेच्या यंत्रावर, जे पडद्यावर बॉयलरची नुसती नक्कल करतं, मी ते काढूनच ठेवते. कुलपाच्या भरवशावर बसणारा ऑपरेटर मला नको.

तर पहिल्या खेपेला पडद्यावरची ज्योत गेली आणि अठराव्या सेकंदाला बाबांचा हात पेटवायच्या बटणावर गेला. बॉयलर फुटल्याची लाल अक्षरं आली. मागे चार तरुण ऑपरेटर उभे होते. त्यांच्यातलं कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

दुसऱ्या परीक्षेला आठवडा होता. बाबांनी घरी सराव सुरू केला. जेवणाच्या टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. पाच मिनिटं तसेच.

"हे काय ध्यान लावलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबायला शिकतोय."

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मला नाही जमलं ते शिकवायला."

त्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "ज्योत कधी जाणार ते त्यांना आधी सांगून टाक. सावध राहतील."

"आई, ते आधी कळलं तर ती परीक्षा कसली?"

"मला परीक्षा सांगू नकोस. हा माणूस घरी बसला तर आठवडाभरात भिंतीशी भांडेल. सून म्हणून एवढंही होत नाही तुझ्याच्याने?"

मी नाही म्हटलं. सासूबाईंनी पातेलं जरा जोरातच आपटलं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्या भांडणात मला ओढू नका," आणि ज्या स्कूटरला काही झालं नव्हतं ती दुरुस्त करायला गेला. मी स्वतःवर खूश होते. नियम तो नियम, घरच्यांनाही तोच.

सोमवारी सकाळी परीक्षेच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चाळीस मिनिटं ते बोर्ड अगदी सुरेख चालवत होते, एखाद्या तरुण ऑपरेटरपेक्षा शांतपणे. मग मी माझ्या बाजूने ज्योत घालवली.

"गेली," बाबा म्हणाले. त्यांनी गॅस बंद केला, हवा सोडली आणि हात मांडीखाली घेतले. एक मिनिट गेलं. दोन गेली. वाफेचा दाब उतरत होता, भोंगा वाजत होता, आणि बाबांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी मनात म्हणत होते, थांबा, थांबा.

तिसरं मिनिट संपता संपता त्यांचा उजवा हात मांडीखालून निघाला आणि त्याने बटण दाबलं.

लगेच सोडलंही. ठिणगी पडायला दोन सेकंद लागतात आणि त्यांनी एका सेकंदात बोट उचललं होतं. त्यामुळे त्यांच्या पडद्यावर काहीच झालं नाही. माझ्या पडद्यावर मात्र बारीक अक्षरांत एक ओळ आली, तिसऱ्या मिनिटाला बटण दाबल्याची. पुढची दोन मिनिटं बाबा नीट थांबले, पाच पूर्ण झाल्यावर बॉयलर पेटवला, आणि तो त्यांनी इतका छान पेटवला की मी लगेच कागद ओढून त्यावर 'उत्तीर्ण' लिहिलं. खाली सही केली.

कारणं मला तेव्हा भराभर सुचत होती. ठिणगी पडलीच नव्हती. अठरा सेकंदांवरून ते तीन मिनिटांवर आले होते. आणखी महिनाभरात जमलं असतं. पण खरं सांगायचं तर मला त्यांना टेबलाशी रिकामं बसलेलं बघवणार नव्हतं. सासूबाईंना ताठ मानेने नाही म्हणणारी मी, आणि वेळ आल्यावर आपला तो बाब्या.

बाबांनी चष्मा लावला आणि कागद वाचला.

"हे काय लिहिलंस?"

"पास झालात, बाबा."

"मी बटण दाबलं."

"सोडलंत पण लगेच."

"दाबलं का नाही?"

मी पेनाला टोपण लावलं.

"माझ्या जागी दुसरा कोणी असता तर काय लिहिलं असतंस?"

"बाबा, तुम्ही आठवडाभर किती मेहनत..."

"मेहनतीचं सोड. ऐक. मी ते ठरवून नाही दाबलं. मला कळत होतं की थांबायचंय, मी आकडे मोजत होतो. तरी हात गेला. एकतीस वर्षं त्याला एकच काम सांगितलंय, आता तो माझं ऐकत नाही." त्यांनी तो हात टेबलावर ठेवला आणि दुसऱ्याच कोणाचा असावा तसा त्याच्याकडे बघितलं. "बॉयलरपाशी कोण असतं त्या वेळी?"

हे मला सांगायची गरज नव्हती. बॉयलरपाशी फिटर असतो. एका पाळीला दोन फिटर, आणि आठवड्यातले सहा दिवस त्यांतला एक माझा नवरा.

"काट मार," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही काय करणार?"

"ते माझं मी बघेन. वशिल्याचं तट्टू म्हणून मला त्या खुर्चीत बसायचं नाही. आणि त्या खुर्चीत बसून मला माझं पोरगं मारायचं नाही. काट मार."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. बाबांनी त्यांचा रुमाल पुढे केला. म्हणाले, "रड, पण अक्षर वाचता येईल असं काढ." मी 'उत्तीर्ण'वर आडवी रेघ मारली, खाली 'अनुत्तीर्ण' लिहिलं आणि परत सही केली. त्यांनी दोन्ही सह्या ताडून बघितल्या आणि कागदाची नीट घडी करून तो माझ्या फायलीत ठेवला.

घरी आलो तेव्हा नवरा दुपारपाळीला निघायच्या तयारीत, बुटांच्या नाड्या बांधत बसला होता. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"झालं?"

"नाही झालं," बाबा म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, तसे ते पुढे म्हणाले, "तिच्याकडे बघू नकोस. ती करत होती पास. मीच नको म्हटलं."

सासूबाई आत गेल्या आणि त्यांनी जेवायची ताटं घेतली. माझंही घेतलं. नवरा एका बुटाची नाडी हातात धरून तसाच बसून राहिला होता.

बाबांनी त्याच्या शेजारी बसत विचारलं, "आज काय काम आहे?"

"कुलपाच्या वायरी बदलायच्यात."

"म्हणजे कुलूप काढलेलं असणार."

"हो."

बाबा माझ्याकडे वळले. "बोर्डावर कोण आहे आज?"

"एक नवा आहे. मागच्या महिन्यात पास झालेला."

"थांबतो का तो पाच मिनिटं?"

"थांबतो, बाबा."

"नक्की?"

"मी स्वतः घेतलीय त्याची परीक्षा."

बाबांनी मान हलवली. मग मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा मग."