जड स्टीअरिंग

हरेशने गाडी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा तो बॉनेटभोवती फिरला, आत बसला, पापडी गावातल्या आमच्या अंगणात स्टीअरिंग फिरवायला गेला आणि हसला.

"मॅडम, हे काय आहे? माझी बायको आत्ता कुठे शिकतेय. विरारच्या आमच्या पार्किंगमध्ये ती हे फिरवणार कशी? पॉवर बसवून द्या, त्याच दिवशी घेऊन जातो."

म्हणून त्या बुधवारी मी रजा टाकली आणि आईची गाडी घेऊन वालीवला निघाले. आईला जाऊन तेवीस दिवस झाले होते. कपाटं रिकामी करायची होती, कागद शोधायचे होते, गाडी विकायची होती. महिन्याच्या प्रार्थनेआधी यातलं एक तरी काम संपावं, एवढंच वाटत होतं. पहिली गाडी, कारण ती मला बघवत नव्हती.

गाडी मुळात पॉवर स्टीअरिंगचीच. शाळेतून निवृत्त झाल्यावर आईने ती घेतली, तेव्हा एका हाताने वळायची. दर बुधवारी आई तीन म्हाताऱ्या मैत्रिणींना चर्चमधल्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला घेऊन जायची. शेजारच्या क्लेमेंटीन मावशी नेहमी पुढे, बाकीच्या दोघी मागे. गेल्या ऑक्टोबरात मी ठाण्याहून आले, काहीतरी आणायला म्हणून गाडी काढायला गेले आणि स्टीअरिंग हलेचना. मला वाटलं, बिघडलीय.

"बिघडली नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पॉवर काढून टाकली. साधं स्टीअरिंग बसवलं."

"का?"

"मला बरं वाटतं."

तिचं उत्तर मला नवीन नव्हतं. मिक्सर असताना ती मसाला पाट्यावर वाटायची. वॉशिंग मशीन आणून दिलं, तर त्यावर कुंड्या ठेवल्या. सोपं काही मिळालं की ते बाजूला सारायचं आणि कठीण उचलायचं, हा तिचा जन्माचा स्वभाव आहे असं मी धरून चालले होते. म्हणून मी जे बोलले ते बोलले. "त्र्याहत्तर वर्षांची झालीस. वर्षभर उपवासकाळच पाळणार आहेस का? खांदा निखळेल तेव्हा कळेल. दे ती चावी."

तिने चावी दिली. मग न मागता ड्रॉवरमधली दुसरीही आणून टेबलावर ठेवली. माझी आई कधीच काही इतकं सहज देत नसे. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. दोन्ही चाव्या पर्समध्ये टाकून मी ठाण्याला परत गेले. त्यानंतर त्या चौघी रिक्षाने नोव्हेनाला जात. दर रविवारी मी येऊन इंजिन तेवढं सुरू करून ठेवायचे. ऑगस्टमध्ये तिला न्यूमोनिया झाला आणि अकराव्या दिवशी ती गेली.

वालीवला पोचेपर्यंत माझे दंड भरून आले. सॅमीचं गॅरेज एका गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. एकेकाळी तो आईच्या वर्गात होता, आता कानशिलावरचे केस पांढरे झालेत. अंत्यविधीला तो आला होता, पण मागे उभा होता. गाडी पाहिल्यावर हात पुसत बाहेर आला.

"जेसिका, तू चालवत आणलीस? फोन करायचास, मी आलो असतो."

"याला परत पॉवर बसवायची आहे. घेणारा तयार आहे."

तो गाडीकडे बघत राहिला. "विकतेस?"

"हो. आणि सॅमी, एक विचारू? ती म्हणाली म्हणून तू लगेच हे काढून दिलंस? म्हातारी बाई आहे, झेपणार नाही, एवढं तरी सांगायचंस."

"टीचरना मी सांगू?" तो हसला, पण मग हसू आवरलं. स्टूल पुढे ओढून म्हणाला, "बस. टीचरनी कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. आता सांगितलं तर चालेल ना?"

मी बसले.

"त्यांचे हात थरथरायचे. तुला ठाऊक असेलच."

मला ठाऊक नव्हतं. मी मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, मला सांगता येत नाही.

"गेल्या सप्टेंबरात आल्या. म्हणाल्या, सॅमी, ही गाडी माझं फार ऐकते रे. मी थरथरले की तीही थरथरते. मी एक चक्कर मारून बघितली त्यांच्या बाजूला बसून. खरंच. पॉवर एवढी हलकी, हात जरा हलला की चाक हललं. सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी. म्हटलं टीचर, ड्रायव्हर ठेवा, नाहीतर बंद करा. तर म्हणाल्या, तू चौथीत सायकलवरून तीनदा पडलास, मी बंद करायला सांगितलं होतं का?"

"मग?"

"मग काय. भंगारात याच मॉडेलची बिनपॉवरची गाडी होती. तिचा स्टीअरिंगचा रॅक काढला, हिच्यात बसवला. पंप, पट्टा, नळ्या, सगळं बाहेर. साध्या रॅकला स्टीअरिंग जास्त वेळा फिरवावं लागतं आणि जोर लागतो, त्यामुळे छोटी थरथर खालच्या चाकांपर्यंत पोचतच नाही. रविवारी इथले कारखाने बंद असतात, तेव्हा त्यांना घेऊन गल्ल्यांतून फिरवलं. गाडी सरळ गेली. मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाल्या, दहापैकी सात."

शेडमध्ये कोणीतरी लोखंडावर ठोकत होतं.

"किती दिवस चालवली अशी?" मी विचारलं.

"पाच-सहा बुधवार असतील. मग तू चावी नेलीस ना."

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. मी चावी काढून घेतली ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. तशा हातांनी तीन म्हाताऱ्यांना गाडीत बसवून रस्त्यावर जाणं बरं नव्हतं. हे तिलाही कळत असणार, म्हणून तर दुसरी चावी तिने स्वतः आणून दिली. पण मी ती चावी तिच्या हातांसाठी घेतली नव्हती, तिच्या हट्टासाठी घेतली होती. आई गाडी सोडत होती आणि मी तिला उपवासकाळाचे टोमणे मारत होते.

सॅमी आत जाऊन एक खताचं पोतं ओढत घेऊन आला.

"पॉवरचं सामान. सगळं आहे यात. नवीन काही घ्यायला नको. फेकायचं नाही म्हणाल्या होत्या, म्हणून ठेवलं."

पोत्याच्या तोंडाला सुतळीने एक पुठ्ठा बांधला होता. त्यावर पेनने लिहिलं होतं: 'पॉवरचे सामान. जेसिका चालवेल तेव्हा बसवणे.'

आईचं फळ्यावरचं अक्षर गावात प्रसिद्ध होतं. लग्नपत्रिकांवरची नावं लोक तिच्याकडून लिहून घेत. पुठ्ठ्यावरची अक्षरं ओळीवर बसत नव्हती. 'जे'ची मात्रा दोनदा काढलेली होती. मग मला आठवलं, गेल्या नाताळात तिने कार्डं पाठवली नव्हती. सामानाची यादीही ती फोनवरच सांगायची आणि मी ठाण्यात बसून ती लिहून घ्यायचे. हे सगळं समोर होतं, आणि मला वाचता आलं नाही.

"मग कामाला लावू?" सॅमीने विचारलं. "संध्याकाळपर्यंत होईल. घेणारा थांबलाय ना?"

"आज नको. प्रार्थना होऊ दे, मग आणते."

"विकायला?"

"नाही. लिहिलंय तसं."

त्याने पोतं पुन्हा आत नेलं. पुठ्ठा सोडवून मला द्यायला निघाला, मी नको म्हटलं. सामानाबरोबरच राहू दे. बाहेर येऊन मी हरेशला फोन केला. तो जरा चिडला आणि त्याचं बरोबरच होतं.

परतताना उड्डाणपुलावर गर्दी होती. उतारावर गाडी बरी चालायची. वळणावर मात्र आसनावरून उठून जोर लावावा लागे. पापडीला पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. क्लेमेंटीन मावशी फाटकात उभ्याच होत्या, मागे बाकीच्या दोघी. तिघींच्या हातांत प्रार्थनेची पुस्तकं.

"आवाजावरून कळलं गाडी आली," मावशी म्हणाल्या. "आम्ही रिक्षाच बघत होतो. नेतेस?"

नाही म्हणायला मला सुचलं नाही. तिघी आपापल्या जागी बसल्या. चर्चच्या आवारात गाडी लावताना मी चाक ओढत राहिले, ते अर्धंच वळलं.

"अगं, उभ्या गाडीत नको फिरवू," मावशी म्हणाल्या. "आधी जरा हलू दे, मग वळव. तुझी आई तसंच करायची."

गाडी मी बोटभर पुढे सोडली. चाक वळलं.

"तुम्हाला तिच्या हातांचं माहीत होतं?" मी समोर बघतच विचारलं.

"बाजूला बसायचे मी," मावशी म्हणाल्या. "बाजूच्याला दिसतंच."

"आणि बसायचात तरी?"

मागून एकजण म्हणाली, "आम्ही तिघी बसलो की गाडी जड होते आणि सरळ जाते, असं म्हणायची ती. आम्हाला वाटायचं, आमच्या वजनावर बोलतेय." मागच्या दोघी हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या कोपरावर हात ठेवला आणि दार उघडून उतरल्या.

नोव्हेनानंतर मी त्यांना घरी सोडलं. मावशींनी चहाला थांबवून घेतलं. त्यांच्या ओसरीवर बसले तेव्हा खांद्यापासून बोटांपर्यंत हात माझे राहिले नव्हते. मावशींनी सवयीने, आईला द्यायच्या तसा, कप अर्धाच भरला आणि माझ्यापुढे ठेवला. मग स्वतःच्याच लक्षात येऊन किटली पुन्हा उचलली.

"अर्धाच असू दे," मी म्हटलं आणि कप दोन्ही हातांनी धरला.